झाकण कोणी उघडायचं?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू मधेच बोलायला लागतोस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून पत्र. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा तसाच, माझा खोकला जवळपास गेला.

मुद्दा हा की वाफ्यावर पाइपच्या कमानी रोवून, वर प्लास्टिकचा कागद ताणून जो बुटका बोगदा केलाय, त्यातली टोमॅटोची रोपं जगली! परवा रात्री आभाळ स्वच्छ आणि वारा अगदी पडलेला. असल्या रात्रीची धास्ती तुला वेगळी सांगायला नको. सकाळी भिंतीवरचा थर्मामीटर ३ अंश दाखवत होता आणि खाली गवतावर पांढरंशुभ्र दंव गोठलेलं होतं. घरात सगळे म्हणाले, थर्मामीटर बिघडलाय. अरे, बिघडलेला नाही! ढग नसले की जमीन आणि पानं आपली ऊब सरळ आभाळाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. माणसाच्या उंचीवर टांगलेल्या थर्मामीटरला त्याचा पत्ता लागत नाही. हे मी कोणाला सांगू? तुलाच.

अर्ध्या वाफ्यावर नुसता प्लास्टिकचा कागद होता. उरलेल्या अर्ध्यावर कागदाच्या आत तारांच्या आधाराने एक जुनी चादर ताणली होती, दोन्हींमध्ये चांगली वीतभर हवा ठेवून. नुसत्या कागदाखाली जी पानं वर टेकली होती तेवढी काळी पडली. चादरीखाली एकाही पानाला धक्का नाही.

आता आपलं जुनं भांडण. सरांच्या रोपवाटिकेत जुन्या खिडकीची तावदानं टाकून केलेल्या त्या पेटीपासून तू काचेचा भक्त. काच ऊन आत घेते आणि उष्णतेचे किरण बाहेर सोडत नाही, म्हणून पेटी तापते, हे तू इतक्या वेळा ऐकवलंस की माझ्या बहिणीलाही पाठ आहे. तर ऐक. १९०९ साली आर. डब्ल्यू. वूड या भौतिकशास्त्रज्ञाने दोन खोकी घेतली, एकाला काचेचं झाकण आणि दुसऱ्याला सैंधव मिठाच्या पातळ तावदानाचं. सैंधवातून ते किरण आरपार जातात. तरी दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली. दिवसाची ऊब कोंडलेल्या हवेची असते रे! तापलेली हवा वर निघून जात नाही, एवढंच. म्हणून दिवसा माझा साधा कागद तुझ्या काचेच्या तोडीचा. रात्रीचा मान मात्र तुझा. पॉलिथिनमधून ते किरण बरेचसे निसटतात, आणि निरभ्र रात्री नुसत्या कागदाखाली कधीकधी बाहेरपेक्षाही जास्त गार होतं. कागदाला आतून दहिवर धरलं तर थोडं अडतं, पण त्यावर विसंबून कसं राहायचं? चादर हवीच. म्हणजे निकाल बरोबरीत सुटला, आता तरी हा वाद बंद कर.

पण थंडीची चिंता मिटली आणि दुसरीच उभी राहिली. तिच्यापायी झोप येत नाही. मी सकाळी निघतो तेव्हा दंव वितळलेलंही नसतं आणि परततो तेव्हा अंधार. दुपारचं ऊन थंडीतलं असलं तरी कमानींखाली बंद हवेत पारा सहज ४० च्या पुढे जातो. मोठ्या पॉलिहाऊसात हवा भरपूर असते, ते सावकाश तापतं. माझा बोगदा गुडघ्याएवढा, ढग सरकला की पाव तासात भट्टी. आणि नेमक्या आता कळ्या दिसायला लागल्यात. टोमॅटोचा पराग ३५ अंशांच्या आसपास निकामी व्हायला लागतो, मग फुलं नुसती गळतात. शिवाय कोंदट ओलीत बुरशी धरते आणि कोवळी रोपं बुंध्याशी कुजून कोलमडतात. थंडीतून वाचवलेलं उन्हात शिजवायचं का? दुपारी तो कागद उघडणार कोण? हिचं ऑफिस माझ्याहून लांब. काका हौसेने उघडतील, पण मग विसरून तसंच ठेवतील, तुला ठाऊकच आहे.

हिचा वेगळाच प्रश्न, इतकं झाकूनही रोपं वाढत का नव्हती? दिवस १० तासांहून लहान असला की बहुतेक भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. कागद ऊब देतो, उजेड कुठून देणार? तेव्हा रोपं फक्त तग धरून होती. आता दिवस मोठा होतोय म्हणूनच कळ्या आल्या, आणि म्हणूनच माझी ही घाई.

पाण्याचा उपाय केलाय. काळ्या रंगवलेल्या बाटल्या भरून रोपांच्या मधे उभ्या केल्यात. दिवसा त्या ऊब पितात आणि रात्री सोडतात. २०० लिटरचं पिंप १० अंशांनी निवलं तर सव्वादोन युनिट विजेइतकी उष्णता देतं, पण या बोगद्यात पिंप मावणार कुठे? बाटल्यांनी थोडं सावरतं. दुपारचा प्रश्न त्यांच्याने पुरता सुटत नाही.

दुसरा विचार न विणलेल्या पांढऱ्या कापडाचा. पातळ, चौरस मीटरला १७ ग्रॅमचं घेतलं तर ८५ टक्क्यांच्या आसपास उजेड आत येतो, हवा खेळते, आणि थंडी एक-दोन अंशांनी तुटते. ५० ग्रॅमचं जास्त सांभाळतं, पण उजेड निम्म्यावर येतो आणि कळ्यांना तोच तर हवाय. तेव्हा दिवसरात्र पातळ कापड राहू द्यायचं, संध्याकाळी आल्यावर वर कागद ओढायचा आणि सकाळी निघताना काढायचा. यात मातीत दिवसाची ऊब कमी मुरेल, हे मला कळतं. तरी पराग जळण्यापेक्षा ते परवडलं. तुझं काय म्हणणं आहे ते स्पष्ट लिही, भिडेखातर हो म्हणू नकोस.

वाऱ्याची काळजी करू नकोस. खालून शिरलेला वाराच सगळं उचलून नेतो, म्हणून एका बाजूची कड चर खणून वीतभर पुरलीय. उघडायच्या बाजूला लांब बांबू गुंडाळून त्यावर विटा ठेवतो. पाइप उन्हाने तापून कागद तिथेच विरतो, म्हणून कमानींवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्यात. कागदही अतिनील किरणांना टिकणारा घेतलाय, साधा एका हंगामात चुरमुरला असता.

तुझ्या बदलीचं काय झालं? थोरलीचा निकाल कळला, फार आनंद झाला, तिला माझे आशीर्वाद सांग. वहिनींना नमस्कार. घराचं काम सुरू झालं का?

आणि मुख्य मागणं राहिलंच. तुझ्या पेटीच्या झाकणाला तो मेणाचा दांडा होता ना, ऊन चढलं की आतलं मेण फुगून झाकण आपोआप उचलणारा? चालू असेल तर पाठवून दे. बोगद्याच्या एका टोकाला लाकडी चौकट करून त्यावर हलकी झडप बसवतो आणि तिला तो लावतो. कळ्या उमलायच्या आत मिळाला पाहिजे. उत्तर लगेच लिही.

तुझाच