‘मजूर ठेकेदाराचा होता’ म्हणून जिनमालक सुटत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिंगणघाट, राळेगाव, पांढरकवडा, अकोट या पट्ट्यात कापसाचा हंगाम लागला की जिनिंग-प्रेसिंगमधल्या (कापसातून सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यांतल्या) अपघातांच्या बातम्याही सुरू होतात. कुणाचा हात सरकी नेणाऱ्या फिरत्या स्क्रूत जातो, कुणी कापसाच्या गंजीखाली दबतो. बातमी चार ओळींची असते आणि तिच्यात एक वाक्य हमखास असते, ‘मजूर ठेकेदाराकडे कामाला होता.’ या वाक्याने मालकाची जबाबदारी संपली असा समज गावात आहे. तो पोलीस ठाण्यात आहे आणि दुर्दैवाने मजुरांच्या घरातही आहे. कायदा मात्र तसे म्हणत नाही. जुना म्हणत नव्हता, नवा तर मुळीच म्हणत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९४८ चा कारखाना अधिनियम आणि १९७० चा कंत्राटी कामगार अधिनियम यांच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आली. १९२३ चा भरपाईचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. सुरक्षा संहितेच्या कलम ६ नुसार, मालकाला ठाऊक असो वा नसो, कामाच्या आवारात असलेल्या प्रत्येक माणसाच्या सुरक्षेची जबाबदारी मालकाची आहे. ‘तो आमच्या मस्टरवरच नव्हता’ हा बचाव इथेच संपतो. कारखान्यात मालक कोण, तर ज्याच्या हाती कारभाराचा अंतिम ताबा आहे तो. भागीदारी असेल तर कोणताही भागीदार आणि कंपनी असेल तर संचालक. आपल्याकडे बरेच जिन हंगामापुरते भाड्याने चालवले जातात. तिथे सातबारा कुणाच्या नावावर आहे यापेक्षा हंगामात जिन कोण चालवतो, हे आधी पाहिले जाते.

दुसरा गैरसमज पन्नासच्या आकड्याचा. पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असले की ठेकेदाराला परवाना लागतो. म्हणून काही मुकादम चाळीस-पंचेचाळीसची टोळी एकाच्या नावावर आणि उरलेली भावाच्या नावावर दाखवतात. परवाना चुकवण्याचा खटाटोप कामी येतो की नाही हा वेगळा मुद्दा. यंत्राला गार्ड (संरक्षक झाकण) लावण्याचे कर्तव्य आणि अपघाताची भरपाई यांचा या पन्नासशी काहीएक संबंध नाही. भरपाई एकट्या मजुरालाही लागू असते.

आणि पाचशेच्या स्टँप पेपरवरचे ते कलम, ‘अपघात झाल्यास सर्व जबाबदारी ठेकेदाराची राहील’? ते मालक आणि ठेकेदार या दोघांपुरतेच आहे. मालकाने मजुराला भरपाई दिल्यावर ती ठेकेदाराकडून वसूल करायला ते उपयोगी पडेल. मजुरासमोर त्याची किंमत शून्य. मजुराकडून ‘मी भरपाई मागणार नाही’ असे लिहून घेतले असेल तर तो कागद कायद्यानेच निरर्थक ठरतो.

मुळात ठेकेदार यंत्र सुरक्षित ठेवू शकतो का, हे जिनात उभे राहून पाहिले पाहिजे. टोळीला दर मिळतो क्विंटलमागे किंवा गाठीमागे. यंत्र थांबले की टोळीची मजुरी थांबते. ओला किंवा किडका कापूस (कवडी) आला की सरकी काढणारा डबल रोलर तुंबतो, सरकी नेणारा स्क्रू कन्व्हेयर जाम होतो. यंत्र बंद करून साफ करायला दहा मिनिटे लागतात आणि चालू यंत्रात हात घालून अर्धे मिनिट. दर ठरवतानाच ती दहा मिनिटे कापलेली असतात. स्क्रूवरचे पत्र्याचे झाकण सहा-आठ बोल्टांचे असते. दिवसातून चारदा उघडावे लागले की आधी दोन बोल्ट राहतात, मग झाकण नुसते ठेवलेले असते, मग तेही भिंतीला टेकवलेले दिसते. त्यावरून चालणाऱ्याचा पाय आत जातो तो असा. बिजागरीचे झाकण आणि ते उघडताच मोटार बंद करणारा लिमिट स्विच, एवढा त्यावर उपाय आहे. पण यंत्र मालकाचे, फिटर मालकाचा, पॅनेलची किल्लीही मालकाच्याच माणसाकडे. ठेकेदार तिथे एक बोल्टसुद्धा बदलू शकत नाही.

त्याहून घातक आहे ‘डायरेक्ट’ केलेला स्टार्टर. नो-व्होल्ट कॉइलचे काम असे की लाइट गेली की स्टार्टर सुटतो आणि लाइट आल्यावर कुणी बटण दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. कमी दाबाच्या विजेत स्टार्टर सारखा सुटतो, म्हणून वायरमन बटणाला बगल देऊन कॉइलला थेट पुरवठा जोडतो. मग भारनियमनात यंत्र बंद पडले, मजूर रोलरमधला कापूस काढायला वाकला आणि लाइट आली की यंत्र आपोआप सुरू. जनरेटरवर बदली करतानाही हेच होते. याला टोळीचा निष्काळजीपणा म्हणणे म्हणजे कमालच आहे.

योग्य पद्धत साधी आहे. त्या यंत्राचा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद करायचा, त्याला कुलूप लावायचे, किल्ली जो माणूस आत हात घालणार त्याच्याच खिशात राहील. दोघे काम करत असतील तर दोन कुलपे. मग बटण दाबून यंत्र खरोखर सुरू होत नाही ना, ते पाहायचे. रोलर लगेच थांबत नाही, वेगात थोडा वेळ फिरत राहतो, तेवढे थांबायचे. पाटी हिंदीतही हवी, कारण टोळ्या मध्य प्रदेशातून, बिहारमधून येतात. जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे: तपासणीला दाखवायला म्हणून सगळ्यांना सुती हातमोजे वाटणे बंद करा. फिरत्या रोलरजवळ हातमोजा बोटासकट ओढला जातो. तिथे अंगाशी घट्ट बसणारे कपडे लागतात, ओढणी आणि गमछा बाहेर. आणि मास्क, बूट यांचे पैसे मजुरीतून कापता येत नाहीत. नव्या संहितेत तशी स्पष्ट मनाई आहे.

कापसाच्या गंजीला खालून कोरत नेले की वर उभी भिंत राहते आणि ती आवाज न करता बसते. वरून उतरता उतार ठेवून कापूस काढायचा आणि कड्याखाली कुणी उभे राहायचे नाही, एवढे पाळले तरी पुरे. प्रेसच्या पेटीत माणूस असताना रॅम (कापूस दाबणारा दट्ट्या) हलता कामा नये, हेही कुलपाचेच काम.

आता पैशाचे. जिनिंग-प्रेसिंग हा कायद्याच्या व्याख्येतच हंगामी कारखाना आहे, त्यामुळे ईएसआय (कामगार राज्य विमा) त्याला लागू होत नाही. म्हणजे अपघाताची भरपाई थेट मालकाच्या खिशातून. ठेकेदार हा मालकाच्या नेहमीच्या धंद्याचे काम करत असेल, आणि जिनात कापूस टाकणे, गाठी बांधणे हे तेच काम आहे, तर मजूर मालकाकडेच भरपाई मागू शकतो. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक. वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. ३० वर्षांच्या माणसाचा गुणांक जुन्या कायद्याच्या तक्त्यात २०७.९८ आहे. हिशेब होतो १५,५९,८५० रुपये. त्याच वयाच्या मजुराच्या एका हाताचा पंजा गेला तर कमाईची क्षमता ६० टक्के घटली असे तक्ता मानतो. कायमच्या अपंगत्वात वेतनाच्या ५० ऐवजी ६० टक्के धरतात, त्यामुळे रक्कम होते ११,२३,०९२ रुपये. गावात चार पंच बसवून दोन लाखांत मिटवतात, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

ते मिटवणेही मालकाला महागात पडते. मृत्यूची भरपाई वारसाच्या हातात देऊन चालत नाही. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर दिलेले पैसे, फारतर तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल सोडली तर, भरपाई म्हणून मोजले जात नाहीत. एक महिन्यात रक्कम भरली नाही तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत वरून दंड. ‘तो दारू प्यायला होता’, ‘त्यानेच गार्ड काढला’ हे बचाव छोट्या-मध्यम इजेत चालू शकतात. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर चालत नाहीत. फौजदारी बाजूही आहे: कर्तव्य न पाळल्याने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला निम्मा किंवा अधिक भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलचे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ वेगळे.

विमा आहे म्हणून निर्धास्त असलेल्यांनी पॉलिसी काढून वाचावी. कामगार भरपाईच्या पॉलिसीत ठेकेदाराची माणसे आपोआप येत नाहीत. त्यांची संख्या आणि मजुरी जाहीर करून वेगळी जोड घ्यावी लागते. मस्टरवरच्या सहा माणसांचा हप्ता भरून साठ माणसांचे संरक्षण मिळत नाही, आणि उशिराचा दंड विमा कंपनी भरत नाही.

पावसाळ्याआधी शेडवरचे सिमेंटचे पत्रे बदलायला जे येतात त्यांच्याबाबत थोडा फरक आहे. छत दुरुस्ती हा जिनाचा धंदा नाही, त्यामुळे भरपाईची पहिली जबाबदारी त्या ठेकेदाराची, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण आवार मालकाचेच असल्याने कलम ६ सुटत नाही. पत्र्यावर थेट पाय न ठेवता आडव्या फळ्या टाकून चालणे आणि दोर बांधणे, हे काम सुरू होण्याआधीच लिहून घ्या.

अपघात झालाच तर मजुराच्या घरच्यांनी आणि पोलीस पाटलांनी पहिल्या दोन दिवसांत काही गोष्टी पक्क्या कराव्यात. पंचनाम्यात गार्ड होता का, स्टार्टर डायरेक्ट होता का, स्विच कुठे होता हे लिहायला लावावे, कारण दुसऱ्या दिवशी झाकण बोल्टासकट बसलेले असते. दवाखान्याच्या कागदावर ‘घरी पडून’ असे लिहू देऊ नये. मजुरीचा पुरावा म्हणून मुकादमाची वही, फोन-पेचे व्यवहार, गेटवरच्या नोंदीचा फोटो सांभाळावा. ४८ तास किंवा त्याहून जास्त काम करता येणार नाही अशा इजेची सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला देणे मालकावर बंधनकारक आहे. ती गेली का ते विचारावे आणि पोच मागावी. आणि तक्रारीत ठेकेदाराबरोबर जिन चालवणाऱ्याचे नावही लिहावे.

आपले,
जिनिंग उद्योगातील सुरक्षा व कामगार कायद्याचे काम पाहणारे दोन वाचक,
जि. वर्धा