सही करण्याआधी

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

परदेशातल्या साइटवर तुझी निवड झाली, फार आनंद झाला. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मनातून जाईना. ‘कंपनी इथलीच, पगार इथल्याच खात्यात, म्हणजे कायदाही इथलाच लागेल ना?’ उत्तर नुसतं ‘हो’ असतं तर फोनवरच सांगितलं असतं.

कामगार कायदा मुळात ज्या त्या देशाच्या हद्दीपुरता असतो. कामाचे तास, साप्ताहिक सुटी, साइटवरची सुरक्षितता याला सहसा तिथले नियम लागतात. तपासणीला येईल तो तिथला निरीक्षक. आपल्या इथल्या निरीक्षकाला त्या फाटकातून आत जायचा अधिकारच नाही. हद्दीबाहेर आपला कायदा किती पोचतो, हे कायद्यागणिक बदलतं. अमेरिकेचं बघ. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा परदेशात काम करणाऱ्या अमेरिकन नागरिकाला लागू नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून तो लागू केला. किमान वेतनाचा कायदा मात्र देशाबाहेरच्या कामाला आजही लागत नाही.

मग न्यायालयं बघतात काय? नेमलं कोणी, हुकूम कोणाचा, काम कोणासाठी. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरच्या ब्रिटिश हवाई तळावर एक सुरक्षारक्षक होता. त्याचं सगळं काम त्या बेटावर चालायचं, तरी ब्रिटनमधला अन्यायकारक बडतर्फीविरुद्धचा हक्क त्याला आहे, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, २००६ मध्ये ठरवलं. जपानमध्ये सरकारी अपघात विम्यासाठी असाच भेद करतात. मायदेशातल्या ऑफिसच्या हुकमाखाली जाऊन काम केलं तर तो दौरा, विमा चालूच. तिथल्या आस्थापनेत रुजू होऊन तिथल्या साहेबाच्या हाताखाली काम केलं तर ती नेमणूक, आणि मग आधी वेगळी विशेष नोंदणी केलेली नसेल तर विमा मिळत नाही. काम तेच, माणूस तोच. फरक फक्त हुकूम कोणाचा याचा, आणि तो दाखवायला हाताशी कागदच असतो.

म्हणून मला तुझ्या कागदांची काळजी आहे. मागे एक बाई माझ्याकडे नवऱ्याचे कागद घेऊन आल्या होत्या. साइटवर पडून तो वारला होता. वरचं पत्र परदेशातल्या उपकंपनीचं, नवं कोरं. त्याच्याखाली त्याच्याच सहीचा राजीनामा, मूळ कंपनीच्या नावाने, निघायच्या आदल्या दिवशीचा. ‘फॉर्मॅलिटी आहे’ म्हणून सही घेतली होती. त्या एका ओळीमुळे मूळ कंपनीने हात वर केले. त्या बाई तो कागद पुन्हा पुन्हा उलटून पाहत होत्या, मागे आणखी काही लिहिलेलं असेल म्हणून. असा कागद कोणी पुढे केला तर सही करू नकोस, मधुरा. कितीही घाई असली तरी.

आपल्याकडे एक तरतूद आहे, ती नीट लक्षात ठेव. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात पुढे कलम १५ब घातलं गेलं. भारतात नोंदलेल्या कंपनीने भरती करून परदेशात कामाला पाठवलेल्या माणसालाही त्याने भरपाईचा हक्क दिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही भारताबाहेरच्या अपघातांसाठी वेगळं कलम आहे. सगळा भर ‘भरती कोणी केली’ यावर आहे, आणि राजीनाम्याने नेमका तोच धागा तुटतो.

तेव्हा एचआरला ईमेलवरच विचार, तोंडी नको. मूळ कंपनीतली नोकरी चालू राहणार का? साइटवर रजा कोण मंजूर करणार, कामावरून काढायचा अधिकार कोणाला? अपघात विम्याची पॉलिसी त्या देशात चालते का? भविष्य निर्वाह निधी चालू राहणार का? त्या देशाशी आपला सामाजिक सुरक्षा करार असेल तर भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून इथे वर्गणी भरतेस याचं प्रमाणपत्र काढून घ्यायला सांग; ते असलं की तिथे दुसऱ्यांदा वर्गणी कापत नाहीत. आणि करारात ‘अमुक देशाचा कायदा लागू’ असं लिहिलं असलं, तरी तेवढ्याने तिथले सक्तीचे नियम टळत नाहीत. तिथे मिळणारं संरक्षण सोडू नकोस.

प्रश्न विचारले तर संधी जाईल, अशी भीती तुला वाटेल. चांगली कंपनी यावर रागवत नाही, तिच्याकडे उत्तरं तयार असतात.

नेमणुकीचं पत्र आणि बदलीचा आदेश, दोन्ही स्कॅन करून मला पाठव. रात्री बसून वाचते आणि सकाळी फोन करते.

तुझी,
आई