मनूच्या मुलाखतीसाठी तुम्ही दोघांनी ग्राहक व्हायचंय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मनूला कॉल सेंटरच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय आणि तिचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून बाबा क्लास लावायचं म्हणतायत. बाबा, क्लासचे पैसे घालू नका. तोडकंमोडकं इंग्रजी अर्थातच चालणार नाही, पण तिचं तेवढं वाईट नाही. अशा मुलाखतीत मुलं इंग्रजीपेक्षा ऐकण्यात जास्त मार खातात. समोरचा काय म्हणाला ते पुरतं ऐकायच्या आत उत्तर द्यायला लागतात. ही सवय घरीच मोडता येते, आणि त्यासाठी तुम्ही दोघं हवेत.

आधी मुलाखतीचे टप्पे सांगते. पहिला फोन येतो तो नुसता चौकशीचा वाटतो, पण परीक्षा तिथूनच सुरू झालेली असते. मनू रस्त्यात किंवा गोंगाटात असेल तर तिने सरळ सांगावं, "दहा मिनिटांनी बोलू शकते का?" त्यात काही कमीपणा नाही. अर्धवट ऐकू येत असताना "हो हो" करत राहणं जास्त महागात पडतं. मग बोलण्याची चाचणी, टायपिंग, आणि शेवटी टीम सांभाळणाऱ्या माणसाशी मुलाखत. त्यातच मॉक कॉल असतो, म्हणजे ते ग्राहक होतात आणि तिने फोन घ्यायचा.

बोलण्याची चाचणी बऱ्याच ठिकाणी संगणकच घेतो. व्हर्सन्ट हे त्यातलं नेहमीचं नाव. वाक्यं वाचायची, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं, छोट्या प्रश्नांना एका शब्दात उत्तर द्यायचं, गोष्ट ऐकून आपल्या शब्दांत सांगायची. वाक्य एकदाच ऐकवतात. एखादा शब्द निसटला की मुलं गप्प होतात आणि सगळंच वाक्य जातं. जेवढं लक्षात आहे तेवढं न अडखळता म्हणायचं आणि पुढच्या वाक्याला तयार व्हायचं. बाबा, इंग्रजी पेपरातलं आठ शब्दांचं वाक्य एकदाच वाचा, तिला म्हणू द्या, मग दहा शब्दांचं, बारा शब्दांचं. रोज पंधरा मिनिटं पुरेत.

आता मॉक कॉल. आई, तू दुसऱ्या खोलीत जाऊन मोबाइलवरून फोन कर. समोरासमोर बसून सराव केलात तर तिला तुझ्या चेहऱ्यावरूनच अर्धं कळेल. तक्रार अशी सांग: बिल एकदाच भरलं, पण खात्यातून पैसे दोनदा गेले. नाव, तारीख, रक्कम आणि ग्राहक क्रमांक बोलता बोलता सांगून टाक, मध्येच घरी पाहुणे यायचेत वगैरे काहीतरी घुसव, आवाज चढव. फोन ठेवल्यावर तिने काय टिपलंय ते बघ. चारपैकी एखादी गोष्ट राहिली असेल तर पुन्हा फोन लाव. आई, लाडकी लेक म्हणून सूट देऊ नकोस हं.

तिचा क्रम असा हवा. नमस्कार आणि स्वतःचं नाव. मग ग्राहकाला पूर्ण बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही. नंतर तक्रार एका वाक्यात परत सांगायची: "म्हणजे पाच तारखेला रक्कम दोनदा कापली गेली, बरोबर?" या एका वाक्याने निम्मा राग उतरतो, कारण आपलं ऐकलं गेलं हे माणसाला कळतं. माफी एकदाच मागायची, तीही नेमक्या गोष्टीची. दर वाक्याला "सॉरी" आलं की ते पोकळ वाटतं. "शांत व्हा" तर चुकूनही म्हणू नये. पैसे उद्याच परत मिळतील असलं पदरचं आश्वासन द्यायचं नाही. "तक्रार नोंदवते आणि पुढे काय होईल ते सांगते," एवढंच. काही शोधत असेल तर बोलत राहायचं, कारण आठ-दहा सेकंद शांतता गेली की ग्राहकाला फोन कटला असं वाटतं. होल्डवर ठेवायचं तर आधी विचारायचं, कारण सांगायचं, किती वेळ लागेल ते सांगायचं आणि त्या वेळेच्या आत परत यायचं.

अक्षरं नीट ऐकू येणं ही वेगळीच डोकेदुखी. साध्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो, आणि 'एफ' आणि 'एस' यांतला फरक बराचसा त्याच्या वरच्या पट्टीत असतो. म्हणून ही दोन अक्षरं फोनवर सारखी वाटतात. 'बी', 'डी', 'पी' यांचाही तसाच गोंधळ. त्यासाठी दर इंग्रजी अक्षराला एक शब्द, म्हणजे 'ए'ला अल्फा, 'बी'ला ब्राव्हो, 'सी'ला चार्ली, अशी २६ शब्दांची यादी १९५६ पासून जगभर वापरात आहे. ती मनूने पाठ करावी आणि आपलं नाव, ईमेल त्यात सांगून बघावं. आकडे तीन-तीन, चार-चारच्या गटात म्हणावेत.

उच्चारांसाठी परदेशी ढंग आणायला जाऊ नये, तो दोन मिनिटांत गळून पडतो. मराठी माणूस इंग्रजी शब्दातल्या सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर देतो, तेवढं सुधारलं तरी पुष्कळ. 'हॉटेल' म्हणताना जोर 'टेल'वर हवा. १५० शब्दांचा उतारा वाचायला मिनिटभर लागला पाहिजे. पन्नास सेकंदांच्या आत संपला तर ती पळतेय. मोबाइलवर रेकॉर्ड करून तिचं तिलाच ऐकू द्या.

टायपिंग मिनिटाला तीसेक शब्दांचं असलं तरी बऱ्याच ठिकाणी चालतं, पण चुका कमी हव्यात.

"स्वतःबद्दल सांगा" याला मिनिटभराचं उत्तर हवं: शिक्षण, लोकांशी बोलण्याचा एखादा खरा अनुभव, आणि हे काम का हवंय. "पुढची परीक्षा होईपर्यंत करीन" हे वाक्य आलं की संपलं. प्रशिक्षणावर त्यांचे कित्येक आठवडे जातात, लगेच सोडणारं माणूस त्यांना परवडत नाही. हे पेन विकून दाखव म्हणाले, तर पेनाचे गुण सांगत सुटण्याआधी तिने विचारावं, "तुम्ही जास्त काय लिहिता?"

रात्रपाळीचा प्रश्न हमखास येईल. त्याचं उत्तर आधी तुम्ही तिघांनी घरात बसून ठरवा. तिथे "घरी विचारून सांगते" म्हटलं तर नकारच धरतात. आणि जमणारच नसेल तर तसंच सांगावं, दिवसाचं कामही असतं.

मुलाखत ऑनलाइन असेल तर वायरचा हेडफोन वापरा. माइक ओठांसमोर नको, तोंडाच्या कोपऱ्याजवळ दोन बोटं लांब, नाहीतर प्रत्येक 'प' आणि 'फ'ला फुंकर ऐकू येते. पंखा बंद.

तिनेही विचारायचं: फोन येणार की आपण करायचे, विक्रीचं टार्गेट आहे का, प्रशिक्षणात पगार मिळतो का, त्याच्या शेवटच्या परीक्षेत नापास झालं तर काय, रात्री घरी सोडायला गाडी आहे का. बाबा, एक काम खास तुमचं. नोंदणी, अनामत, प्रशिक्षण, कुठल्याही नावाखाली पैसे मागितले किंवा मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची भाषा केली, तर तिला तिथून सरळ घरी घेऊन या. आणि हातात नेमणुकीचं पत्र आलं की सही करण्याआधी पूर्ण वाचा, मुदतीआधी नोकरी सोडली तर किती पैसे भरावे लागतील हे कलम आधी शोधा. काही खटकलं तर त्या पानाचा फोटो मला पाठवा.

तुमची,
सुमा