संगणक गोठला म्हणून टाकून देऊ नका

महोदय,

खानापूर तालुक्यातील आमच्या घरचा संगणक दोन महिने वारंवार गोठत होता. मुलीचा परीक्षेचा अर्ज भरताना पडद्यावरचा बाण जागीच थांबे आणि हार्ड डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत राही. बेळगावातील एका दुरुस्ती दुकानाने यंत्र न उघडताच नवा संगणक घेण्यास सांगितले. उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या घराला असा सल्ला सहजपणे देणे मला अन्यायाचे वाटते.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम किती मेमरी वापरतो ते दाखवणारी खिडकी) उघडला, तेव्हा रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, ४ जीबीपैकी ९३ टक्के व्यापलेली दिसली. रॅम भरत आली की विंडोज तिच्यातील काही माहिती हार्ड डिस्कवरील पेजफाइलमध्ये हलवते, आणि फिरत्या तबकडीची डिस्क रॅमपेक्षा कित्येक पटींनी मंद असल्यामुळे सारे यंत्र तिच्यासाठी खोळंबून राहते. मेमरीच्या रकान्यावर टिचकी मारताच यादीत सर्वांत वर ब्राउझर आला. त्यात सत्तावीस टॅब उघडे होते. ते मिटवले, स्टार्टअपमधील, म्हणजे संगणक सुरू होताच आपोआप चालणारे, अनावश्यक प्रोग्राम बंद केले आणि पुढे ८ जीबीची रॅमपट्टी बसवली. रॅमच्या जुन्या डीडीआर-३ प्रकारच्या खाचेत नव्या डीडीआर-४ प्रकारची पट्टी बसत नाही, एवढे मात्र खरेदीपूर्वी पाहावे.

आता अर्ज विनाअडथळा भरले जातात. सीमाभागातील वाचकांसाठी अशी माहिती आपण मराठीतून नियमित छापावी, ही विनंती.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)