कॉस्मिक किरण आज रात्रीच नाही, रोजच पडतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सातपूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, शास्त्रज्ञ वगैरे नाही, पण गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर आलेली चौकट वाचून राहवेना. "सूर्यावरची वादळं वाढली, आता आकाशगंगेतल्या कॉस्मिक किरणांचा मारा वाढणार" असं त्यात होतं. संध्याकाळपर्यंत तिचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि खाली कुणीतरी तो नेहमीचा फिरणारा मेसेज चिकटवला, आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल बंद करून लांब ठेवा. झालं, आईनं घरातले चारही मोबाईल गोळा केले, बंद केले, स्टीलच्या पिठाच्या डब्यात घातले आणि वरून झाकण दाबून बसवलं. नेमकी त्याच रात्री दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची विहिरीवरची मोटर जळाली. त्यानं मला चार-पाच वेळा फोन लावला, लागेना म्हणून सकाळी मोटर दुसऱ्याच्या दुकानात टाकून आला.

गिऱ्हाईक गेलं ते गेलं, पण चौकटीतली गोष्टच उलटी आहे हो. कॉस्मिक किरण म्हणजे अवकाशातून येणारे बारीक कण, आणि ते सूर्याचे नाहीत हे शंभर वर्षांपूर्वीच कळलंय. व्हिक्टर हेस नावाचे ऑस्ट्रियाचे गृहस्थ १९१२ साली किरणोत्सार मोजायची यंत्रं घेऊन बलूनमधून वर गेले, एकदा तर मुद्दाम सूर्यग्रहणाच्या दिवशी, तर ग्रहणातही यंत्रावरचा आकडा काही उतरेना. म्हणजे सूर्य झाकला तरी येणारं येतच होतं. मग ऑगस्टमध्ये पाच हजार मीटरच्याही वर गेले तर तिथं खालच्यापेक्षा कितीतरी जास्त. १९३६ ला त्यांना नोबेल मिळालं.

किरण हे नावही फसवंच आहे. मिलिकन या अमेरिकन शास्त्रज्ञांना हे गॅमा किरणांसारखं, म्हणजे क्ष-किरणांच्याच जातीचं पण जास्त जोरदार, काहीतरी वाटलं म्हणून त्यांनी तसं नाव दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. खरं तर हे कण आहेत, दहातले नऊ प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनची नुसती कोय, बाकी बहुतेक हेलियम, थोडे लोखंडापर्यंतचे जड. आणि सगळ्यांवर चार्ज, इथंच आमच्या धंद्याची गोष्ट येते. चार्ज असलेलं काहीही चुंबकी क्षेत्रातून गेलं की वळतं, मोटर फिरते ती यावरच. आकाशगंगेभर असं क्षेत्र पसरलेलं आहे, फार क्षीण आहे पण अंतरंच एवढी अफाट की हा कण वळत वळत कोटभर वर्षं भटकतो आणि मग आपल्याकडे येतो. कुंभमेळ्यात रामकुंडापाशी चुकलेल्या म्हाताऱ्यासारखं, तो आत्ता कुठल्या गल्लीतून आला ते दिसतं, पण गाव कुठलं ते त्यावरून कसं कळणार?

म्हणून गाव शोधायला इतकी वर्षं लागली. मोठा तारा फुटतो, सुपरनोव्हा म्हणतात तो, त्याची धक्क्याची लाट हजारो वर्षं पसरत राहते आणि कण त्या लाटेच्या अलीकडे-पलीकडे टोलवला जातो. दोन पोरं एकमेकांकडे चालत येत बॅट-बॉल खेळतायत आणि दर टोल्याला बॉलचा जोर वाढतोय असं धरा. असं टोलवण्याचं मूळ डोकं एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञांचं, १९४९ चं. पुढं २०१३ साली त्यांच्याच नावाच्या अवकाश दुर्बिणीला अशा दोन फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांत प्रोटॉन वेगवान होत असल्याची खूण गॅमा किरणांत सापडली, कारण गॅमा किरणांवर चार्ज नसतो, ते सरळ येतात. सगळेच कण तिथले असंही नाही. १९९१ ला अमेरिकेत युटामध्ये एक कण नोंदला गेला, एकट्याची ताकद फिरकी बॉलरनं ताशी नव्वदनं टाकलेल्या क्रिकेटच्या बॉलएवढी! एक कण! तो बहुतेक आपल्या आकाशगंगेच्याही बाहेरचा.

आता सूर्याचं. सूर्याची वादळं स्वतःचे कण सोडतात हे खरं, पण ते वेगळे, त्यांची ताकद बहुतेक वेळा खूपच कमी. बाहेरून येणाऱ्यांना सूर्याचा वारा आणि त्याच्यासोबतचं चुंबकी क्षेत्र उलट अडवतं, म्हणून सूर्य तापात असला की ते पृथ्वीवर कमी येतात आणि थंड असला की जास्त, साधारण अकरा वर्षांचा फेरा. व्हॉयेजर १ यान ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याच्या या छत्रीबाहेर पडलं तेव्हा बाहेरच्या कणांची मोजणी एकदम वर गेली. तुमच्या चौकटीत नेमकं हेच उलटं छापलंय.

आणि डब्याचं म्हणाल तर, हे कण वरच्या हवेवर आपटून म्युऑन नावाचे दुसरे बारीक कण बनतात, त्यातला तळहातावर सेकंदाला एखादा पडतो, दिवसा, रात्री, साडेतीननंतरही. डबा सोडा, पांडवलेणीच्या आत जाऊन बसलात तरी काही दगडातून पार होऊन येतात. माझी पुतणी बीएस्सीला आहे, तिनं मागं माशांच्या काचेच्या पेटीत हे दाखवलं होतं. खाली ड्राय आइस, वर फेल्टला आयसोप्रोपिल अल्कोहोल, तळाला काळा कागद, आडवा टॉर्च. दहा मिनिटं काही नाही, मग एकदम पांढरा बारीक दोरा उमटला आणि विरला, मग दुसरा. सगळेच म्युऑनचे नसतात म्हणाली, जाड आखूड असतात ते हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचे. मी चहा गार होईपर्यंत तिथंच बसलो होतो.

ऊटीला टाटा इन्स्टिट्यूटचा हेच म्युऑन मोजणारा मोठा प्रयोग आहे, नाव ग्रेप्स-३ (नाशिकच्या माणसाला हे नाव ऐकून हसू येणारच). तिथं २०१४ च्या एका गडगडाटी ढगात १३० कोटी व्होल्ट असल्याचं त्यांनी म्युऑनवरून काढलं. आम्ही इथं ४४० ला हात लावताना दहा वेळा विचार करतो.

तर विनंती एवढीच की दुरुस्ती छापा, त्याच पानावर, तेवढ्याच चौकटीत. फोटो काढून ग्रुपवर मीच टाकतो, आईलाही दाखवायचाय, माझ्या मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकातून अजून पीठ निघतंय.

आपला,
एक वाचक, सातपूर, नाशिक