आई, माझी पोरं उपाशी खेळत नाहीत

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

"अजून किती वर्षं त्या पोरांच्या मागे धावणार?" असं बाबांनी परवा फोनवर विचारलं आणि मी विषय बदलला. असलं फोनवर नीट बोलता येत नाही मला, म्हणून लिहितोय.

आधी पैशाचं सांगतो, कारण बाबांचा खरा प्रश्न तोच. दुपारी मी लोअर परळच्या एका टॉवरमधल्या जिममध्ये बॉक्सिंग शिकवतो. तिथे पूर्वी गिरणी होती, कुठली ते बाबांना सांगायला नको. येणाऱ्यांपैकी कुणालाच रिंगमध्ये उतरायचं नसतं. घाम काढायचा, ग्लोव्ह्ज घालून फोटो काढायचा आणि घरी जायचं. हसू येतं कधी कधी, पण घरभाडं त्यातूनच निघतं. पहाटेची बॅच मात्र नायगाव-लालबागच्या पोरांची. ती देतील तेवढी फी.

आता त्या पोरांबद्दल. आई, हे तुला जास्त कळेल.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरण्यांचा संप अजून कुणी मागे घेतलेला नाही, असं बाबा म्हणतात. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. तुझ्या खानावळीतले गिरणीवाले एकेक करून गावी गेले, त्यांची उधारी वहीत तशीच राहिली, आणि बाबा वॉचमन झाले. मला आठवते ती उरलेली खानावळ : माथाडीवाले, दोन-चार सडेफटिंग, आणि चुलीपाशी बसलेली तू. अख्ख्या चाळीला जेवू घालणाऱ्या घरातला पोरगा मॅच आली की ताट सरकवून उठायचा. 49 किलोच्या वजनगटात खेळायचं होतं ना! आदल्या रात्री रेनकोट घालून दोरीवरच्या उड्या, पाणी बंद, वर थुंकून थुंकून तोंड कोरडं करायचं. सगळेच करायचे. सकाळी काट्यावरून उतरलो की तू पेजेचा डबा उघडून उभी. पेज पोटात जाईपर्यंत तू कुणाला माझ्याशी बोलू द्यायची नाहीस. बाबा रात्रपाळी संपवून वॉचमनच्या कपड्यांतच यायचे आणि घंटा वाजली की चहा प्यायला बाहेर सटकायचे.

पेजेने पोट भरायचं, पण आटवलेलं पाणी दोन-तीन तासांत भरून येत नाही. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिट. पहिल्या दोन फेऱ्या जिद्दीवर जातात, तिसरीत पाय उचलत नाहीत, हात खाली येतो आणि समोरचा नेमका तेवढ्याचीच वाट बघत असतो. त्यात अंगात पाणी कमी असलं की डोक्यावरचा मार आणखी धोक्याचा ठरू शकतो. पुढे 2013 मध्ये मोठ्या पुरुषांच्या गटात हेडगार्डही काढलं. माझी भुवई किती वेळा शिवली ते बाबांना पाठ आहे, तो पाढा इथे नको. भुवईमुळेच खेळणं सुटलं, मग पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, एनआयएसमध्ये, सहा आठवड्यांचा कोचिंगचा कोर्स केला, आणि आता मी दोऱ्यांच्या या बाजूला आहे.

गेल्या महिन्यात एका मुलीवरून वाद झाला. तिची आई चार घरी पोळ्या करते. निवड चाचणी होती. खालच्या गटात सोप्या मुली आहेत, वजन उतरवा, असं आई आणि मामा दोघांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. त्यांना मेरी कोमचं सांगितलं. 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं, पण गट तीनच : 51, 60 आणि 75 किलो. मेरीची तोवरची विश्वविजेतेपदं 48 किलो आणि त्याखालची. ती वरच्या गटात गेली, आपल्याहून थोराड मुलींशी लढली आणि ब्राँझ घेऊन आली.

मुलीची आई शांतपणे म्हणाली, "ती मेरी कोम आहे. माझी पोर आहे का मेरी कोम?"

यावर काय बोलणार? मग मी तुझ्या खानावळीचं सांगितलं. ते तिने ऐकून घेतलं, पटलं असं मात्र दिसलं नाही. मुलगी वरच्या गटात खेळली, दुसऱ्या मॅचमध्ये गुणांवर हरली. तिसऱ्या फेरीत ती चवड्यांवर नाचत होती, हे मी पाहिलं, तिच्या आईने निकाल पाहिला. बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. पोरगी रोज साडेपाचला हजर असते.

तर बाबा, किती वर्षं म्हणालात. चाळिशीनंतर खेळता येत नाही, तसा नियमच आहे. शिकवायला असा नियम नाही, त्यामुळे तुमची काळजी इतक्यात संपणार नाही. पुढच्या स्पर्धेला दोघंही या. चहा मी आतच आणून देईन.

आणि आई, येताना घरचे उकडे तांदूळ आण. इथल्या दुकानातल्या तांदळाची पेज तुझ्यासारखी होत नाही. कुळथाचं पीठही आण, जरा जास्तच, पोरं वीसेक आहेत. ओझं बाबांना उचलू देऊ नकोस, गाडीवर मी येतो.

तुमचा,
बाळा