आशाताई, तुमच्या वहीत रकाना नसलेल्या कामाबद्दल

ताईंना सप्रेम नमस्कार,

समोर भेटलात की तुम्ही आभार मानू देत नाही. "त्यात काय, वहिनी!" म्हणता आणि पिशवीतून वजनकाटा बाहेर काढता. म्हणून हे जाहीर पत्र.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बाळाला तीन महिने झाले आणि तुम्ही ठरलेल्या घरभेटीला आलात. वजन झालं, कार्डावरच्या लसी बघून झाल्या. निघताना चपला घालता घालता विचारलंत, "कामावर कधीपासून? आणि बाळ कोणाजवळ?" पहिल्याचं उत्तर होतं, दुसऱ्याचं आमच्या घरात कोणाकडेच नव्हतं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली हे खरं, पण त्यातली थोडी बाळंतपणाआधीच सरली होती. ज्या ठिकाणी ५० किंवा जास्त माणसं कामाला असतात तिथे पाळणाघर द्यावं लागतं. दापोलीच्या आमच्या कचेरीत शिपाई धरून वीससुद्धा भरत नाहीत. सरकारच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर असतं, पण ते आमच्या वाडीपर्यंत पोचलेलं नाही. सासूबाईंचे गुडघे धरलेले, आई मुंबईत भावाच्या मुलांमागे, हे जहाजावर.

आशा सेविका म्हणून तुमचं काम खरं तर तिथेच संपत होतं. तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत पाच भेटी, भेटीमागे ५० रुपये. बाळ सांभाळणारी बाई शोधून देणं त्यात कुठेच बसत नाही. तरी एप्रिलच्या उन्हात तुम्ही माझ्याबरोबर घरं हिंडलात.

एप्रिल म्हणजे आंब्याचे दिवस. जिला विचारावं ती बागेत, नाहीतर पेट्या भरायला. जी मोकळी होती तिच्यावर मी लगेच भाळले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आत्ता मोकळी आहे ती लावणीला मोकळी असेल का? वर्ष धरून विचारा. लावणी, गणपती, शिमगा." पगार, वेळ, अनुभव याच्या आधी हा प्रश्न विचारायचा असतो हे शहरातल्या कुठल्या माहितीपत्रकात सापडलं नसतं.

एक घर मला फार आवडलं होतं. फरशी चकचकीत, बाई बोलायला गोड, भिंतीवर बाराखडी. तुम्ही मात्र आत डोकावून पाळण्यातली मुलं मोजलीत आणि विचारलंत, "दूध पाजलं की कसं निजवता?" "पालथं, म्हणजे लवकर झोपतं." तुम्ही चहा घेतलात, मुलांची चौकशी केलीत आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणालात, "इथे नको." रस्त्यात मग समजावलंत, की एवढ्या लहान बाळाला उताणंच निजवायचं, कडक अंथरुणावर, उशी न ठेवता, आणि एका बाईच्या हाती तान्ही तीन असतील तर एक रडताना बाकी दोघांकडे बघणार कोण?

हर्णैच्या मावशींकडे गेलो तेव्हा त्या ओट्यावर बांगडे साफ करत होत्या. आम्हाला बघून उठल्या, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, दोरीवरचा स्वच्छ पंचा घेऊन पुसले. मला वाटलं, आता बाळ घेतील. घेतलं नाही. दोन हात अंतरावर बसल्या आणि त्याच्याशी बोलत राहिल्या, अगदी हळू. बाळ आधी माझ्या खांद्यात तोंड लपवून होतं, मग एक डोळा बाहेर आला, मग दोन्ही. त्याने हात पुढे केला तेव्हा कुठे मावशींनी बोट दिलं. तुम्ही मला कोपराने ढोसलंत. त्या ढोसण्याला मी अजून मानते.

तरीही तुम्ही घर तपासायचं सोडलं नाहीत. विहिरीचा कठडा, चूल, मागचं दार. पडवीत जांभ्याचे चिरे आणि लाकडं रचलेली होती, ती हलवायला लावलीत आणि पाळणा भिंतीपासून लांब घ्यायला. कपडे, दुपटी झटकल्याशिवाय बाळाला गुंडाळायचं नाही हेही. विंचू चावला तर मंत्र नाही, लिंबू नाही, थेट आरोग्य केंद्र. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या विषावर प्राझोसिन या औषधाची वाट दाखवल्यापासून कोकणात किती जीव वाचले, हे तुम्ही मावशींना असं सांगितलंत जणू शेजारच्या घरातली गोष्ट.

दुधाचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. रुजू होताना बाळ सहा महिन्यांचं झालेलं नव्हतं, म्हणजे आईच्या दुधाशिवाय दुसरं काही नाही. काढलेलं दूध साध्या हवेत ४ तास टिकतं म्हणतात, ते २५ अंशापर्यंतच्या हवेत. आमच्या मे महिन्यात तेवढा भरवसा धरता येत नाही. फ्रिज होता, पण पहिल्या पावसात लाईट गेली की कधी येईल ते महावितरणच जाणे. तुम्ही हसून म्हणालात, "हर्णैत बर्फाला काय तोटा?" मासळीचा बर्फ नको म्हणून वेगळा थर्मास आणला, घट्ट झाकणाच्या डब्या आणल्या. दूध उकळायचं नाही, डबी कोमट पाण्यात धरायची; बाटली नाही, वाटी-चमचा; उष्टं उरलं तर टाकून द्यायचं. मावशी हे एकदा ऐकून शिकल्या, मला दोनदा सांगावं लागलं.

घुटीचा प्रश्न नाजूक होता. सासूबाई रोज सहाण घेऊन बसायच्या. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. "काकी, तुमच्या वेळचं पाणी वेगळं, तुमचा हात वेगळा, आता मावशीही देणार, तुम्हीही देणार, घोळ होईल. सहा महिने कोणीच नको," असं म्हणालात आणि त्यांना दुसरंच काम दिलंत: अधूनमधून न सांगता रिक्षाने मावशींकडे जाऊन यायचं. गुडघे दुखतात म्हणणाऱ्या सासूबाई त्या कामाला तयार उभ्या असायच्या. आता त्या बाळापेक्षा मावशींशी गप्पा मारायला जातात असा माझा संशय आहे.

पैशांचं तुम्ही बोललात तेव्हा मला आधी पटलं नव्हतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, मावशींच्या घरात खलाशाची कमाई थांबलेली. "बाळ मामाकडे गेलं म्हणून त्या महिन्याचा पगार कापायचा नाही," हे तुम्ही आधीच वदवून घेतलंत. आज वाटतं, मावशी पावसात एक दिवस चुकल्या नाहीत त्यामागे हेही आहे. फक्त एका बाबतीत आपलं जमलं नाही. सुट्ट्या, वेळ, पगार कागदावर लिहू नका, ओळखीत कागद बरा दिसत नाही, असं तुमचं म्हणणं. मी लिहिला. गणपतीत तो दोघींनाही उपयोगी पडला, तेव्हा एवढं तरी मान्य करा!

या महिन्यात तुमची पंधराव्या महिन्याची भेट आहे, पाचवी. त्यानंतर वहीत आमचं नाव नसलं तरी येत जा. आणि खालच्या वाडीतल्या त्या मुलीसाठी तुम्ही विचारलं होतंत, ते मी मावशींशी बोलले. मे महिन्यापासून आणखी एक बाळ घेईन म्हणतात, पण दोनच, तिसरं नाही. त्या मुलीला लवकर पाठवा, आणि जमलं तर तुम्हीच घेऊन जा.

बाकी भेटल्यावर.

तुमची,
वरच्या वाडीतली वहिनी